आधी जमीन, मग जोड्या, मग बँड: रिसेप्शनसाठी जुन्या वळणाचा स्विंग-बॉलरूम बँड कसा ठरवावा

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: बिदागी किती? दुसरा: अमुक गाणं वाजवता का? गेली अठरा वर्षं मी वसई, वांद्रे आणि गोव्यातल्या रिसेप्शनांमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवतोय. त्यातली बरीच वर्षं बँडच्या सुपाऱ्या घेण्याचं कामही माझ्याकडेच आहे. "आमच्याकडे तीसेक जोड्या नाचतील, हॉलची जमीन मोझेइकची आहे, वॉल्ट्झ येणारे आठ-दहा जण आहेत, तर कसा बँड घ्यावा?" असं विचारणारे या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. त्यांची रिसेप्शनं मात्र मला नावानिशी आठवतात, कारण त्या रात्री जमीन एकदाही रिकामी पडली नाही.

स्विंग (झुलत्या लयीचं जुनं अमेरिकन जॅझ) आणि बॉलरूमचा (जोडीने करायच्या नाचांचा) बँड लोकांना नाचवण्यासाठी उभा राहतो. त्याची लय, त्याच्या गाण्यांची लांबी, दोन गाण्यांमधली विश्रांती, सगळं नाचणाऱ्याच्या पायांवरून ठरतं. म्हणून बँड ठरवण्याची सुरुवातही पायांपासूनच करावी. पुढचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

१. "व्हिंटेज" म्हणजे नेमकं कोणतं दशक, हे घरात ठरवा

"आम्हाला जुन्या पद्धतीचा बँड हवा" एवढ्यावर कुणालाही काही कळत नाही. १९२० च्या दशकातलं चार्ल्स्टनचं संगीत वेगळं. बँजो, क्लॅरिनेट, धावती लय. पाहायला मजा येते, पण न शिकलेल्या पाहुण्याला त्यावर दोन मिनिटंसुद्धा टिकता येत नाही. १९३५ ते १९४५ हा खरा स्विंगचा काळ. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडला तरुणांनी डोक्यावर घेतलं, तिथून ही लाट उसळली असं सहसा मानतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये कृष्णवर्णीय नर्तक त्याच्या आधीपासून लिंडी हॉप नाचत होते. मोठे ब्रास, चार-पाच सॅक्सोफोनचा एकत्र आवाज आणि चालता बास (प्रत्येक ठोक्याला एक सूर टाकत पुढे जाणारा) हे त्या काळाचं वैशिष्ट्य. आणि १९५० च्या दशकात चा-चा-चा, रुंबा आणि जाइव्ह या नाचांची चलती झाली.

आपल्याकडच्या लग्नांत १९५० चं दशक सगळ्यात जास्त चालतं, असा माझा अनुभव आहे. आजी-आजोबांच्या पायांत जाइव्ह आणि वॉल्ट्झ मुरलेले असतात. शिवाय मुंबईत या संगीताचं मूळ खोल आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे १९३९ पासून मिकी कोरिया यांच्या बँडने त्याच हॉटेलात सुमारे दोन दशकं लोकांना नाचवलं. गोव्यातल्या आल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन उभे राहायचे तेव्हा लोक त्यांना, अमेरिकेच्या नामवंत जॅझ ट्रम्पेटवादकावरून, हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हेच चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सोबत काम करत होते. सी. रामचंद्र म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५१ च्या 'अलबेला'तल्या नाचाच्या गाण्यांमध्ये जो स्विंग आहे, तो ताजच्या बॉलरूममधून स्टुडिओत चालत आलेला आहे.

हा इतिहास सांगण्याला व्यवहारी कारण आहे. घरात अर्धे पाहुणे असे असतील की ज्यांनी इंग्रजी स्विंग कधी ऐकलंच नाही, तर बँडला १९५० च्या दशकातली तीन-चार हिंदी गाणी त्याच बाजात बसवायला सांगा. ती मुळातच त्या बाजात बांधलेली असल्यामुळे कुठे ठिगळ लावल्यासारखी वाटत नाहीत. ज्या मावशी खुर्चीला चिकटून बसलेल्या असतात, त्या नेमक्या तेव्हा उठतात.

२. जमीन मोजा

टेप घेऊन हॉलवर जा. हॉलवाला "पाचशे माणसांचा हॉल" म्हणतो, ते खुर्च्यांचं माप असतं. वॉल्ट्झ किंवा फॉक्सट्रॉट करणारी जोडी जागेवर उभी नसते, ती हॉलभर फिरते. मी एका जोडीमागे निदान २५ चौरस फूट धरतो. तीस जोड्या एकाच वेळी उतरणार असतील तर ७५० चौरस फूट, म्हणजे २५ बाय ३० फुटांचा मोकळा तुकडा हवा. त्यात केकचं टेबल, फुलांची कमान आणि व्हिडिओवाल्याचा क्रेन येता कामा नये. हा तुकडा स्टेजच्या पुढ्यातच हवा. जेवणाची टेबलं मध्ये आणि नाचाची जागा कोपऱ्यात, अशी मांडणी केलीत तर बँड आणि नाचणारे यांचं नातंच तुटतं. आम्हाला पाय दिसले नाहीत तर आम्ही वाजवायचं कशाकडे बघून?

मोझेइक, जुनी कोबा जमीन, लाकडी पट्ट्या, हे सगळं उत्तम. चकचकीत ग्रॅनाइटवर टाचा घसरतात. गालिचावर पाय वळत नाही आणि गुडघा मुरगळतो, म्हणून तो गुंडाळून ठेवायला लावा. काही जण हौसेने जमिनीवर टाल्कम पावडर टाकतात. लाकडावर चिमूटभर ठीक आहे, पण फरशीवर ती टाकू देऊ नका. मी एका काकांना त्यावर पडताना पाहिलं आहे.

गोव्यात हल्ली हिरवळीवरच्या रिसेप्शनची हौस आहे. हिरवळीवर नाचता येत नाही. दव पडतं, टाच मातीत रुतते आणि नवरीचा झगा खालून हिरवा होतो. तिथे लाकडी चौकटीवर जाड प्लायवूड बसवून घ्या. ८ बाय ४ फुटांच्या २४ प्लायमध्ये २४ बाय ३२ फुटांची जमीन तयार होते. सांधे चिकटपट्टीने बंद करायचे आणि संध्याकाळी मंडपवाल्याला स्वतः त्यावर चालून दाखवायला लावायचं. कुठेही फळी लवली तर तिथे खाली आधार कमी आहे.

३. जोड्या मोजून बँडचा आकार ठरवा

पूर्ण बिग बँड म्हणजे साधारण १७ माणसं: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. ते सुख वेगळंच असतं. पण त्यासाठी साधारण २४ बाय २० फुटांचं स्टेज, दोन गाड्या, सतरा जणांचं जेवण आणि उंच छत लागतं. दीडशे पाहुण्यांच्या, ठेंगण्या छताच्या हॉलमध्ये १७ जणांचं ब्रास वाजलं तर शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही.

बहुतेक घरांना सात ते नऊ जणांचा बँड पुरतो. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम आणि एक गायक किंवा गायिका. चार स्वरवाद्यं नीट लिहिलेल्या मांडणीतून वाजली तर मोठ्या बँडचा भास होतो. त्यांना १६ बाय १२ फुटांचं स्टेज चालतं. ऐंशी-शंभर पाहुण्यांच्या घरगुती समारंभाला पाच जण पुष्कळ झाले. पाचांच्या खाली जाऊ नका असं मी सांगतो, कारण मग एक स्वरवाद्य सगळी रात्र एकट्याने ओढतं आणि दहाच्या सुमारास वादकाचे ओठ संपतात. ट्रम्पेट हे स्नायूंनी वाजवायचं वाद्य आहे.

बासची चौकशी आवर्जून करा. उभा डबल बास असेल तर स्विंगला अंग येतं. इलेक्ट्रिक बासवरही चांगला वादक ते काढतो. पण बास कीबोर्डच्या डाव्या हाताने वाजणार असेल, तर तो बँड नाचासाठी घेऊ नका.

४. बँड ऐकताना नाचणाऱ्यांकडे बघा

बँडकडून व्हिडिओ मागवाल तेव्हा स्टुडिओत केलेला, कापून जोडलेला व्हिडिओ नको म्हणा. एखाद्या खऱ्या रिसेप्शनमधली न थांबता घेतलेली दहा मिनिटं मागा, मोबाइलवर घेतलेली असली तरी चालतील. ती बघताना वादकांचे सूट आणि जुन्या धाटणीचा चंदेरी माइक विसरा. नाचणाऱ्यांचे पाय बघा. गाणं सुरू झाल्यावर किती सेकंदांत लोक उठतात? मध्येच सोडून बसतात का? गाणं संपल्यावर जमिनीवर थांबतात की खुर्चीकडे वळतात? चांगल्या डान्स बँडसमोर लोक थांबतात, कारण पुढचं गाणं पंधरा सेकंदांत येणार हे त्यांना कळलेलं असतं.

स्विंग खरंच स्विंग आहे का, हे कानाने ओळखता येतं. एका मात्रेचे तीन भाग करा. पहिले दोन जोडून एक लांब आणि उरलेला एक आखूड: लांब-आखूड, लांब-आखूड. ज्यांच्या कानात दादरा आहे त्यांना हे लगेच उमगेल. हे दोन तुकडे सारखे पडू लागले की गाणं तेच राहतं, पण झुलणं जातं. ड्रमरच्या उजव्या हाताकडे कान द्या. झांजेवर तो हेच लांब-आखूड वाजवत असतो.

मग तीन सरळ प्रश्न विचारा.

पहिला: माइनस वनवर वाजवता का? माइनस वन म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेली साथ, तिच्यावर दोन-तीन माणसं गातात-वाजवतात. लहान कार्यक्रमाला ते ठीक आहे, पण नाचाला नाही. नवरीचे बाबा वॉल्ट्झच्या मध्येच गहिवरून थांबले, तर जिवंत बँड आणखी एक आवर्तन वाजवून त्यांना सांभाळून घेतो. मुद्रित साथ पुढे निघून जाते.

दुसरा: त्या रात्री प्रत्यक्ष कोण येणार? लग्नाच्या मोसमात एकच चांगला ट्रम्पेटवाला तीन बँडच्या फोटोंत असतो. बदली माणूस येणं यात गैर काही नाही, आम्हीही आणतो. पण तो स्वरलिपी वाचणारा हवा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवलं. त्या शिक्षणाच्या जोरावरच गोव्याचे वादक मुंबईत आले, धोबी तलावच्या कुडांत (गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत) राहिले, हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत बसल्या बैठकीला कागद समोर ठेवून वाजवू लागले. वाचता येणारा बदली वादक एका तालमीत बसतो. न वाचणारा सगळ्या बँडला अंदाजाने वाजवायला लावतो.

तिसरा: वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुंबा, चा-चा आणि जाइव्ह या प्रत्येकाची किमान चार गाणी तयार आहेत का? या प्रश्नावर जो अडखळतो तो मैफलीचा बँड आहे. त्याला कॉकटेलच्या तासासाठी बोलवा.

५. लय आकड्यांत लिहून द्या

या एका गोष्टीवर बँड आणि नाचणाऱ्यांचं सगळ्यात जास्त बिनसतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवा. बॉलरूम नाचांच्या लयी स्पर्धांसाठी ठरलेल्या आहेत. दर मिनिटाला किती ठोके, त्याचा हा हिशेब:

स्लो वॉल्ट्झ: ८४ ते ९०, तीन मात्रांचा
व्हिएनीज वॉल्ट्झ: १७४ ते १८०, तोही तीन मात्रांचा
फॉक्सट्रॉट: ११२ ते १२०
क्विकस्टेप: २०० ते २०८
रुंबा: १०० ते १०८
चा-चा-चा: १२० ते १२८
जाइव्ह: १६८ ते १७६

हे आकडे कसलेल्या नर्तकांचे आहेत. घरच्या पाहुण्यांसाठी मी जाइव्ह १४० ते १५५ च्या आसपास ठेवतो आणि क्विकस्टेप जवळजवळ वाजवतच नाही. स्विंगसाठी १२० ते १६० हा पट्टा सगळ्यात सुखाचा. फॉक्सट्रॉट ज्याला येत नाही तोही त्या लयीत नुसता डोलत चालू शकतो, म्हणून संध्याकाळची सुरुवात तिथून करावी.

आता नवरा-नवरीचा पहिला नाच. आजकाल जोड्या दोन-तीन महिने शिकवणी लावतात, मोबाइलवरच्या एका ठरावीक ध्वनिमुद्रणावर सराव करतात आणि बँडला फक्त गाण्याचं नाव कळवतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून अशीच चूक झाली. जोडीने ८६ च्या लयीवर सराव केला होता. आम्ही विचारलं नाही, आणि ड्रमरने उत्साहात ९८ वर सुरुवात केली. दुसऱ्याच वळणावर नवऱ्याचा पाय झग्यावर पडला आणि दोघं उरलेलं गाणं जागेवर उभी राहून डोलत राहिली. नवरीच्या चेहऱ्यावरचं हसू जसं गोठलं, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून पहिल्या नाचाच्या आधी ड्रमरच्या कानात मेट्रोनोम असतो आणि जोडीकडून मी पुढच्या गोष्टी लेखी मागवतो: सराव केलेलं नेमकं ध्वनिमुद्रण, त्यातला सुरुवातीचा भाग किती मात्रांचा, कोणत्या ओळीवर त्या दोघांची मोठी फिरकी आहे, आणि शेवट हळूहळू विरणारा हवा की ठाम. ध्वनिमुद्रणात आवाज विरत जातो, पण जिवंत बँडला कुठेतरी थांबावंच लागतं. ती जागा जोडीला आधी माहीत हवी.

शिकवणीच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. "वॉल्ट्झ हवा" म्हणून निवडलेलं गाणं तीन मात्रांचं आहे याची खात्री करा. पुष्कळशी संथ प्रेमगीतं चार मात्रांची असतात आणि प्रत्येक मात्रेच्या आत तीनचं झुलणं असतं. त्यामुळे कानाला ती वॉल्ट्झसारखी भासतात. पाय मात्र फसतात. गाणं ऐकताना टाळी द्या आणि जोराचा ठोका किती टाळ्यांनी परत येतो ते मोजा. शक्य असेल तर लग्नाच्या आठवड्यात बँडच्या तालमीला जोडीने एकदा यावं. वीस मिनिटं पुरतात.

६. रात्रीचा क्रम एमसीसोबत बसवा

गोवा आणि वसईच्या रिसेप्शनमध्ये रात्र एमसीच्या, म्हणजे सूत्रसंचालकाच्या, हातात असते. वेडिंग मार्चवर नवरा-नवरी येतात, केक कापला जातो, टोस्ट (शुभेच्छांचं भाषण आणि पेले उंचावणं) होतो, मग पहिला नाच. अर्ध्या गाण्यानंतर बेस्टमन आणि ब्राइड्समेड उतरतात, मग आई-वडील, मग सगळे. पुढे ग्रँड मार्च (सगळ्या जोड्यांची ओळीने हॉलभर फेरी), खेळ, जेवण, आणि गोव्यात कोकणी-पोर्तुगीज गाण्यांची सलग मालिका, जिला आम्ही मसाला म्हणतो. एमसी आणि बँड यांची गाठ स्टेजवर पहिल्यांदा पडली तर रात्र अडखळतच जाते. आदल्या आठवड्यात दोघांना एका फोनवर घ्या.

माझा नेहमीचा बेत असा. पाहुणे जमत असताना अर्धा तास मंद फॉक्सट्रॉट आणि रुंबा, ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. पहिला नाच टोस्टनंतर लगेच; टोस्टची भाषणं दोनच, एकूण दहा मिनिटं. त्यानंतर ४५ मिनिटांचा पहिला सेट, म्हणजे सलग वाजवायची फेरी. एका लयीची दोन किंवा तीन गाणी एकत्र वाजवायची, मग लय बदलायची. एकच वॉल्ट्झ वाजवून लगेच जाइव्हवर उडी मारली तर वॉल्ट्झवाले नुकते जोडीला लागलेले असतात आणि रागावतात, ते बरोबरच आहे. दोन वेगवान मालिकांच्या मध्ये एक रुंबा ठेवायचा, कारण वयस्क मंडळींचा दम तिथे परत येतो. जेवणाच्या आधी मसाला नको. त्या मालिकेत सगळं घर घामाघूम होतं, तिच्यानंतर जेवणावर कुणाचं लक्ष राहत नाही. ती जेवणानंतर ठेवा.

बँडला दर ४५ मिनिटांमागे पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती लागते. त्या वेळी काय वाजवायचं हे आधी ठरवा. डीजेने त्या पंधरा मिनिटांत आजचं धडाडतं संगीत लावलं, तर परत आलेला बँड कितीही चांगला असला तरी फिका वाटतो. विश्रांतीतही त्याच काळातली ध्वनिमुद्रणं लावा, आवाज निम्म्यावर ठेवा.

ज्या घरात जोडीने नाचायची रीत नाही, त्यांनी घाबरू नये. पुण्या-नाशिकच्या मराठी कुटुंबांच्या लग्नाआधीच्या संगीत समारंभांत आणि पन्नासाव्या वाढदिवसांना आम्ही वाजवलं आहे. तिथे पहिल्या सेटच्या आधी वीस मिनिटं कुणीतरी जाइव्हचं मूळ पाऊल शिकवतं: डावा, उजवा, मागे-पुढे. बँड तीच लय संथपणे वाजवत राहतो. आजोबा चुकतात, नात हात धरून दुरुस्त करते, आणि वीस मिनिटांनी त्यांना आम्ही थांबू नये असं वाटतं.

७. आवाज, वीज आणि रात्रीचे दहा

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनला लहान हॉलमध्ये माइक लागत नाही. गायिका, पियानो आणि बास यांना लागतो. साउंडवाल्याला सांगा की स्पीकरची तोंडं नाचाच्या जमिनीकडे हवीत, आणि वयस्कांची टेबलं स्टेजच्या बाजूंपासून लांब ठेवा. हॉलमध्ये खरा पियानो असेल तर फार छान, पण तो जागेवरून हलवल्यानंतर सुरात लावून घ्यावा लागतो. हलवण्याआधी लावून उपयोग नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ट्रम्पेट, सॅक्सोफोनचा सूर चढतो. त्यामुळे वाद्यं दुपारच्या उन्हात मंडपात आणून ठेवायला लावू नका.

विजेसाठी बँडला स्वतंत्र लाइन द्या. दिव्यांचे डिमर किंवा कॅटररचे गरम काउंटर त्याच लाइनवर असले की स्पीकरमधून घरघर येते. जनरेटर असेल तर पाहुणे यायच्या आधी तो एकदा चालवून बघा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही. "माइक बंद करून वाजवू" ही पळवाटही नाही, कारण नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. बंद सभागृहात, आतल्या लोकांपुरतं वाजवायला मुभा असते. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार जाहीर करतं, आपल्या लग्नाची तारीख बघून नाही. म्हणून हिरवळीवरचं रिसेप्शन असेल तर वेळापत्रक उलटीकडून लिहा. दहाला शेवट, साडेनऊला शेवटचा सेट, सव्वाआठच्या आत पहिला नाच, साडेसातच्या आत नवरा-नवरी मंडपाच्या दारात. चर्चमधला विधी आणि फोटो लांबले की हे सगळं सरकतं आणि कात्री नेमकी नाचावर पडते. फोटोग्राफरला ही वेळ आधीच सांगून ठेवा.

८. परवाने

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट आहे आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम त्यात धरले आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये हे सूचनेद्वारे पुन्हा सांगितलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेलं याच विषयावरचं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केलं. त्यामुळे हॉटेलं अजूनही कागद मागतात. हॉटेल काय मागतं ते बुकिंगच्या दिवशीच लेखी घ्या. जिवंत वाजवलेल्या रचनांसाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था) आणि विश्रांतीतल्या ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी संस्था), अशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढदिवस, निवृत्ती किंवा कंपनीचा कार्यक्रम लग्नाच्या सवलतीत बसत नाही.

९. तारीख आणि कागद

कॅथलिक लग्नं आगमनकाळ (नाताळाआधीचे साधारण चार आठवडे) आणि उपवासकाळ (ईस्टरआधीचे साधारण चाळीस दिवस) टाळून होतात. त्यामुळे नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंत आणि ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंत सगळी गर्दी होते. या तारखांसाठी चांगला बँड आठ-दहा महिने आधी धरावा लागतो. इतर धर्मीयांनी कार्यक्रम उपवासकाळात ठेवला तर तेच वादक निवांत मिळतात, ही माहिती कुणी सहसा सांगत नाही.

इसार दिलात की त्याच दिवशी एका पानाचा करार करा, मोबाइलवरच्या बोलण्यावर राहू नका. वादकांची संख्या आणि कोणती वाद्यं. पोहोचण्याची, साउंड तपासण्याची आणि वाजवण्याची वेळ. सेट किती आणि किती मिनिटांचे. उशीर झाला तर जादा अर्ध्या तासाची बिदागी. प्रवास, मुक्काम, साउंड आणि जीएसटी त्यात धरलाय की वेगळा. कुणी आजारी पडलं तर बदली कोण. पाऊस आला तर बँड कुठे हलणार. रद्द झालं तर इसाराचं काय. स्टेजवर छत हवं हेही लिहा, लाकडी बासवर पावसाचे चार थेंब पडले तरी नुकसान मोठं असतं. खास बसवायला सांगितलेल्या गाण्यांची यादी निदान महिनाभर आधी द्या. नवीन गाणं आठ जणांसाठी लिहून काढायला एक माणूस रात्री जागतो, त्याचे पैसे वेगळे लागतील आणि ते द्यावेत.

बिदागीत घासाघीस करायची असेल तर माणसं कमी करा, तासभर कमी करा, पण तालीम कमी करायला सांगू नका. स्वस्तात मिळालेला नऊ जणांचा बँड बहुतेक वेळा एकत्र न बसलेला नऊ जणांचा जमाव असतो. त्यापेक्षा दहा वर्षं एकत्र वाजवणारे पाच जण केव्हाही घ्यावेत.

१०. त्या दिवशी

घरातला एक माणूस बँडसाठी नेमा, नवरा-नवरीचे आई-वडील सोडून. फर्माइशी त्याच्याकडून येतील, जेवण कधी ते तो सांगेल. वादकांना पहिल्या विश्रांतीत जेवू घाला. शेवटी उरलेलं नको, कारण रिकाम्या पोटी फुंकीची वाद्यं वाजत नाहीत. कपडे बदलायला कुलूप लागणारी एक खोली आणि स्टेजवर पाण्याच्या बाटल्या ठेवा.

पहिल्या फॉक्सट्रॉटला कुणीच उतरत नाही, हे गृहीत धरा. दोन जोड्यांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या आठ मात्रांत तुम्ही उठायचं. बाकीचे त्यांच्या मागे येतात.

आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. कॅटररला सांगा की तोवर खुर्च्या रचायच्या नाहीत, दिवेवाल्याला सांगा की पांढरे दिवे लावायचे नाहीत. शेवटचा वॉल्ट्झ आम्ही ८४ वर वाजवतो, गायिका न गाता, सॅक्सोफोनवर. त्या वेळी जमिनीवर बहुतेक सात-आठच जोड्या उरलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी हात सोडेपर्यंत आम्ही शेवटचा सूर धरून ठेवतो.